समुद्रावरचा वारा आणि आपली पेरणी



बुलढाण्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. आपल्यापैकी कित्येकांनी तो पाहिलाही नसेल. पण मृग लागला, की आपल्या काळ्या रानाचे भवितव्य त्या समुद्रावरच्या वाऱ्याच्या हाती असते.

‘यंदा पाऊस कसा?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते. धान्ये गोलाकार मांडतात, मध्ये घट ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांतले बदल पाहून भाकीत सांगतात. ते ऐकायला दूरदूरची माणसे जमतात, यावरूनच या प्रश्नाची निकड कळावी. विज्ञान याच प्रश्नाकडे कोणत्या बाजूने पाहते, ते आज बघू.

आपला पाऊस दोन वाटांनी येतो. एक वाट अरबी समुद्राची; पण त्या वाऱ्यातली बरीच ओल सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच सांडते. दुसरी वाट बंगालच्या उपसागराची. तिथे हवेचा दाब कमी झालेली क्षेत्रे तयार होतात, ती पश्चिमेकडे सरकतात आणि विदर्भात झड लागते. म्हणून पावसाची खबर हवी, तर आधी दोन्ही समुद्रांवरच्या वाऱ्याची खबर हवी.

पूर्वी ती जहाजांकडून मिळे. पण जहाजे ठरलेल्या मार्गानेच जातात. आणि वादळाची चाहूल लागली, की शहाणा कप्तान जहाज दूर नेतो. म्हणजे जिथली खबर सर्वांत अधिक हवी, नेमकी तिथलीच मिळेना! अमेरिकेने १९७८ साली ‘सीसॅट’ उपग्रहावरून समुद्रावरचा वारा मोजून दाखवला. भारताने २३ सप्टेंबर २००९ रोजी ‘ओशनसॅट-२’, २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘स्कॅटसॅट-१’ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ईओएस-०६’ म्हणजेच ‘ओशनसॅट-३’ हे उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडले. तिन्हींवर वारा मोजणारे यंत्र होते.

आता आपण म्हणाल, वारा तर डोळ्यांना दिसत नाही. मग सातशे किलोमीटर उंचीवरून तो मोजायचा कसा? गुरुजी, हा प्रयोग वर्गात करून दाखवा. अंधाऱ्या खोलीत परातभर पाणी ठेवा आणि त्यावर बॅटरीचा उजेड तिरपा टाका. पाणी स्थिर असेल तर उजेड पुढे निघून जातो. समोरच्या भिंतीवर त्याचा एक डाग पडतो. आता पाण्यावर फुंकर घाला. डाग विस्कटतो, उजेड चहूकडे फुटतो.

उपग्रह उजेडाऐवजी रडारच्या लहरी सोडतो. त्या सुमारे दोन सेंटीमीटर लांबीच्या असतात. ढग असोत की रात्र, त्यांना अडचण नसते. समुद्र शांत असेल तर त्या पुढे निघून जातात. वारा सुटला की पाण्यावर बारीक तरंग उठतात आणि लहरींचा काही भाग उलट उपग्रहाकडे येतो. वारा जोराचा, तर परत येणारा भागही मोठा. हे झाले वेगाचे. दिशेचे काय? नांगरलेल्या रानाकडे तासांच्या लांबीने पाहा, मग आडवे उभे राहून पाहा. रान तेच, पण दिसणे वेगळे. उपग्रहाची फिरती तबकडीही एकाच पाण्याकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहते आणि त्यावरून वाऱ्याची दिशा काढता येते.

या माहितीचे मोल केवढे? केरळात मोसमी पाऊस आला असे हवामान खाते जाहीर करते, तेव्हा नुसत्या सरी मोजत नाही. समुद्रावरून येणारे वारे पुरेसे जोरदार आहेत का, हेही पाहते. २०२३ चा जून आठवा. अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ उठले. मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला, दक्षिण कोकणात येऊन रेंगाळला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. वादळ तिकडे समुद्रात, पण पेरण्या लांबल्या इकडे आपल्या शिवारात!

मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्या. हा उपग्रह पाऊस सांगत नाही. तो वारा सांगतो, आणि तोही फक्त समुद्रावरचा. मुसळधार पावसात त्याचे मोजमाप बिघडू शकते. त्याची माहिती इतर नोंदींबरोबर संगणकात घालून, गणित मांडून अंदाज काढावा लागतो. अंदाज म्हटला की तो चुकणारही. तरीही ‘वारे अजून जोर धरत नाहीत’ एवढे आधी कळले, तरी घरातले बियाणे वाचते.

कारण पहिल्या वळवाच्या सरीवर भुलून पेरलेले सोयाबीन उन्हाने करपले, की दुबार पेरणी आली. दुसरे बियाणे आले आणि त्यामागून कर्जही आले. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन रान चांगले ओलवल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. मृगात आभाळ भरून येईल, शेजाऱ्याचे तिफण निघेल, आपलाही हात शिवशिवेल. त्या वेळी आधी हवामानाचे बातमीपत्र ऐका आणि मगच तिफण काढा.