वार्धक्य आणि वाहन, लेखांक ६ : बॅटरीची उपासमार

गेल्या लेखांकात आपण वृद्धांच्या चारचाकी स्कूटरच्या आसनाचा आणि हँडलचा विचार केला. आज ज्या दोन काळ्या पेट्यांच्या बळावर ती चालते, त्यांच्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. १९६८ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात अ‍ॅलन थीम यांनी घरातील आजारी माणसासाठी ‘अमिगो’ ही अशी पहिली गाडी घडवली. मात्र तिला प्राण पुरवणारी शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी त्याहून पुष्कळ जुनी, फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेली.

नागपूरला माझ्या आत्याबाईंकडे अशी एक स्कूटर आहे. एका वर्षी भर उन्हाळ्यात त्या लेकीकडे तीन महिने राहिल्या आणि तेवढा काळ स्कूटर पत्र्याच्या पडवीत, अर्धवट चार्ज केलेल्या अवस्थेत, उभी राहिली. परतल्यावर ती फाटकाबाहेर शंभर पावले जाईना. विक्रेत्याने दोहोंपैकी एकच बॅटरी बदलून दिली आणि सहा महिन्यांत गाडी पुन्हा मूळ पदावर आली. अखेर ई-रिक्षा दुरुस्त करणारे एक मिस्त्री आले. रात्रभर चार्ज करून, काही तास तशीच ठेवलेली स्कूटर त्यांनी उघडली, मीटरच्या दोन तारा आळीपाळीने टेकवल्या आणि आकडे आत्याबाईंना वाचून दाखवले : एकीवर १२.८ व्होल्ट, दुसरीवर ११.९. “आत्याबाई, जोडीतला एक बैल थकलेला असला की दुसराही मरतो,” एवढेच ते म्हणाले.

यापेक्षा नेमके निदान मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत आढळलेले नाही. बारा-बारा व्होल्टच्या या दोन पेट्या एकामागोमाग जोडलेल्या असतात. दोघींतून प्रवाह तोच वाहतो, त्यामुळे दुबळी आधी रिती होते. आणि चार्जर तर दोघींची केवळ बेरीज पाहतो, म्हणून सबळ पेटीला अजीर्ण होते व दुबळी उपाशीच राहते. मुळात तिला दुबळे करते ती उपासमारच. वीज खर्च होताना शिशाच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेट साचते. त्याच दिवशी चार्जिंग केले तर ते विरघळते, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि मग कितीही काळ चार्जरला लावून ठेवले तरी ते हटत नाहीत. त्यात उष्णतेची भर : तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की अशा बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते. विदर्भातल्या पत्र्याच्या पडवीचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून फेरी कितीही लहान असो, घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चार्जर लावून तो पूर्णत्वाचा दिवा लागेपर्यंत राहू द्यावा. गाडी वापरात नसली तरी महिन्यातून एकदा चार्जिंगची तजवीज करावी. आणि ही जबाबदारी गुडघ्यांनी जायबंदी झालेल्या वृद्धावर न टाकता घरातील धडधाकट माणसाने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकून सॉकेट शोधताना होणारे पतन बॅटरीच्या बिघाडाहून कितीतरी महाग पडते.

लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व दीर्घायुषी, परंतु त्यांना शिशाच्या बॅटरीचा चार्जर कदापि लावू नये. त्यांतही लोह-फॉस्फेट प्रकार (गुडइनफ, पाढी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये याचे वर्णन प्रसिद्ध केले) उष्णतेत अधिक स्थिर राहतो, यास्तव वृद्धांच्या घरी तोच पसंत करावा. बॅटरी कोणतीही असो, चार्जिंगची जागा जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर नसावी. आग लागली तर मंद पावलांच्या माणसाला तीच वाट लागते.

आणखी एक खबरदारी. या स्कूटरचा विद्युत्‌चुंबकीय ब्रेक वीज तुटताच आपोआप आवळला जातो, म्हणून बॅटरी संपलेली गाडी जागची हलत नाही. तिला ढकलण्यासाठी मोटर सोडवणारा एक खटका असतो. तो फिरवला की ब्रेकही निघतो. उतारावर, वृद्ध आसनावर बसलेले असताना, तो कोणीही फिरवू नये.

वाचकहो, घरी अशी गाडी असेल तर आज संध्याकाळी दोन्ही पेट्या बसवल्याची तारीख त्यांच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. आणि बदलण्याची वेळ येईल तेव्हा विक्रेता काहीही सांगो, दोन्ही एकाच दिवशी बदला.