एकोणचाळीस काड्या

मी मराठीचा प्राध्यापक. गणिताशी माझा संबंध पगाराच्या हिशेबापुरता! तरीही आज गणितावर लिहायला बसलो आहे, आणि त्याला कारण आमचा खराटा.

गेल्या वर्षी दुसरीत असलेली माझी कन्या 'एकोणचाळीस' म्हटले की हटकून ४९ लिही. मी तिला व्युत्पत्ती सांगितली : एक ऊन, म्हणजे एकाने कमी. तिने शहाण्यासारखी मान हलवली आणि ४९ लिहिले. मग मी मोबाइल पुढे केला. पडद्यावर दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या. बोट लावताच एक जुडी आपोआप सुटे आणि एक काडी नाहीशी होई. तिने मोठ्या हौसेने वीसदा बोट लावले. वहीत मात्र ४९ च!

सुट्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा ओसरीवरून आई म्हणाली, "तिला हिकडं दे रं." तिने खराट्याच्या काड्या मोडून दोऱ्याने चार जुड्या करकचून बांधल्या. "आता यातली एक दे मला." पोरगी ओढू लागली; काडी निघेना. अखेर दाताने गाठ सोडावी लागली. एक काडी आजीला दिली, मांडीवर नऊ सुट्या उरल्या, शेजारी तीन जुड्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने ३९ लिहिले.

पडद्याने जी गाठ तिच्यासाठी परस्पर सोडली होती, तीच तर शिकायची होती!

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! मीही भाषेचा कैवार घेऊन तावातावाने बोललो होतो. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की, आपली जोडाक्षरी संख्यानामे मुलांना जड जातात. दक्षिणेकडच्या भाषांत आधी दशक बोलतात. आमच्या उमरग्याच्या बाजारात कानडी माणूस ३९ ला 'मूवत्तोंबत्तु', म्हणजे सरळ तीस-नऊ म्हणतो. बाईंनी दुखणे अचूक हेरले होते, हे मला आज पटते. औषध मात्र मी शब्द बदलण्याआधी काड्यांचे देईन. ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या बालवाडीत महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया मुलांच्या हाती दिल्या, त्याला आता पाऊणशेच्या वर वर्षे झाली.

मोबाइलला मी नावे ठेवत नाही. हजाराच्या जुड्या कोण बांधणार? तिथे पडदाच बरा. पण तो गाठीनंतर.

संध्याकाळी कन्येने दहा जुड्या बांधून त्यातली एक काडी काढली आणि विचारले, "बाबा, हे एकोणशंभर ना?"

"नव्याण्णव," मी म्हणालो.

"का?"

संस्कृतातही नवनवति आहे, असे मी सांगून पाहिले. तिने आजीकडे पाहिले. आजी अंगण झाडायला खराटा शोधत होती.