काचेच्या तंतूने मोजलेला दाब

पुण्यातल्या विश्रांतवाडी चौकात खांबांवर इंटरनेटच्या केबलची वेटोळी दिसतात ना? त्यांच्या आत असतो तसाच काचेचा तंतू हृदयाच्या धमनीतही जातो, रक्ताचा दाब मोजायला! तो बसवलेली तार जेमतेम ०.३६ मिलिमीटर जाडीची. तंतूच्या टोकाशी इवलीशी पोकळी, तिच्यावर लवचीक पडदा. दाब वाढला की पडदा आत दबतो, पोकळीची खोली बदलते आणि परतणारा प्रकाशही बदलतो. टोकाशी वीज लागतच नाही!

औषधाने रक्तप्रवाह वाढवून मोजल्यावर हृदयाच्या धमनीतल्या अडथळ्यापुढचा दाब महाधमनीतल्या दाबाच्या ०.८० पट किंवा कमी भरला, तर स्टेंटचा विचार होतो. जास्त असेल तर बहुधा औषधांवर भागतं. नुसत्या अँजिओग्राफीपेक्षा मला हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. डोक्याला जबर मार लागलेल्यांच्या कवटीतला दाब मोजायलाही प्रकाशतंतू वापरतात.