पालकसभेला पाहुणा कोण बोलवायचा?

पालकसभेची नोटीस निघते, विषय असतो 'विद्यार्थ्यांची प्रगती', आणि सतरंजीवर मोजकेच पालक बसलेले असतात. दिवसाची मजुरी बुडवून यायचं, तर घरी नेण्यासारखं काही हाती लागलं पाहिजे. ते देणारा विषय आणि वक्ता अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही शाळेला खर्चाशिवाय मिळू शकतो. त्यासाठी शोधाची सुरुवात वक्त्यापासून न करता पालकांच्या प्रश्नापासून करावी.

आधी प्रश्न

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. त्यामुळे सभेचा विषय पालकांनी सुचवणं अगदी रास्त आहे.

सभेच्या दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक घरी एक कोरी चिठ्ठी पाठवा: 'पोराबद्दल तुम्हाला सतावणारा एक प्रश्न लिहा. नाव नको.' ज्यांना लिहिता येत नाही त्यांना शाळेच्या फाटकाशी, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या बैठकीत विचारा. "पोट्टं मोबाइल सोडतच नाही जी, काय करावं?" असं ऐकलं की तसंच टिपून घ्या. चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावा. सर्वांत मोठा गठ्ठा हा सभेचा विषय. नोटिशीतही तो प्रश्न म्हणूनच छापा. 'मोबाइलचे दुष्परिणाम' वाचून कुणी येणार नाही. 'भांडण न करता मोबाइल कसा सोडवायचा?' वाचून येईल.

मग माणूस

लोकांशी बोलणं ज्यांच्या कामाचाच भाग आहे, त्यांच्याकडे आधी जा.

आरोग्याचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतंच. त्यांच्या दौऱ्याची तारीख आधी विचारून त्याच दिवशी सभा ठेवा आणि डॉक्टरांना अर्धा तास मागा. मुलांच्या तपासणीत काय आढळलं, हे पालक कान देऊन ऐकतात.

बालविवाह, पोक्सो, पोटगी अशा विषयांसाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र द्या. कायदेविषयक शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे. ऑनलाइन फसवणुकीसाठी सायबर पोलिसांना बोलवा. अमरावतीत शहराला पोलिस आयुक्तालय आणि ग्रामीण भागाला पोलिस अधीक्षक आहेत, तेव्हा पत्र योग्य कार्यालयात जाईल असं पाहा. 1930 हा सायबर मदत क्रमांक आणि 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन फळ्यावर लिहून ठेवा.

शेतीनंतर मुलांना पुढे काय, हा प्रश्न आला तर अकोल्यात 1969 पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. खेळाबद्दल बोलायला अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं.

आपल्याच पालकांनाही विसरू नका. महावितरणचा लाइनमन पावसाळ्याआधी ओल्या हातानं स्टार्टरला का हात लावू नये हे सांगेल. सर्पमित्र साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना का गाठायचा हे सांगेल. ज्या घरची मुलगी आठवीत एनएमएमएस परीक्षेतून शिष्यवृत्तीस पात्र ठरली आणि नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळवते आहे, तिची आईही उत्तम वक्ती ठरते.

पत्र आणि तारीख

पत्र शाळेच्या लेटरहेडवर असावं. त्यात दोन पर्यायी तारखा, अंदाजे किती पालक, कोणत्या वर्गांचे, आणि चिठ्ठ्यांतले पाच-सहा निवडक प्रश्न जोडावेत. प्रश्न हाती असले की वक्ता ठरावीक भाषण बाजूला ठेवतो. आदल्या दिवशी फोनवर आठवण द्या. शासकीय माणसाला ऐन वेळी बंदोबस्त किंवा बैठक लागू शकते, म्हणून एखादा गावातला वक्ता राखीव ठेवा.

तारीख शेताच्या कामाकडे पाहून धरा. पेरणीचे दिवस, दसरा-दिवाळीच्या सुमाराची सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीचा जोर टाळा. अनेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर कामाला जात नाहीत, तेव्हा त्या दिवशी सकाळी सभा घ्या. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून दुपारची वेळ नको.

सभा चालवताना

याच मातीतले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत, उत्तरं घेत पुढे जात. शाळेतल्या सभेलाही हीच रीत शोभते. वक्त्याला वीस मिनिटं, पालकांच्या प्रश्नांना चाळीस. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय सगळं पाच मिनिटांत उरका. माइक आधी मागच्या रांगेतल्या आयांकडे न्या. पहिला प्रश्न बाईनं विचारला की बाकीच्याही बोलत्या होतात. धारणी-चिखलदऱ्याकडच्या शाळेत कोरकू बोलणारी एक व्यक्ती वक्त्याच्या बाजूला बसवा आणि दर दोन-तीन वाक्यांनी थांबून उलगडून सांगू द्या. लहान मुलांसाठी शेजारच्या वर्गात सोय करा, म्हणजे आया निवांत ऐकतील.

सभा संपल्यावर

उठण्याआधी एकच गोष्ट ठरवा, उदाहरणार्थ 'रात्री जेवताना घरात कुणीच मोबाइल हाती घेणार नाही, मोठी माणसंही नाहीत'. ती इतिवृत्तात लिहा आणि पुढची सभा तिच्यापासून सुरू करा: कुणाला जमलं, कुठे अडलं? वक्त्याला आभाराचं पत्र पाठवताना त्याच्या बोलण्यातली कोणती गोष्ट पालकांनी उचलली, हेही कळवा; तो पुढल्या वर्षी आनंदानं येईल. पुढच्या विषयाच्या कोऱ्या चिठ्ठ्या दारातच वाटा. स्वतःचा प्रश्न सभेत येणार हे कळलं, की पालक पुढच्या नोटिशीची आपणहून चौकशी करतील.