बंद झालेला जीन पुन्हा चालू करता येतो का?

हेडफोन नीट लावा, आज थेट रक्तात शिरायचंय.

सिकल सेल हा आजार गडचिरोली, नंदुरबार या भागांत अनेकांना घरातूनच माहीत असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा जीनमध्ये एकच अक्षर बदललेलं असतं. असा जीन आई आणि बाबा दोघांकडूनही आला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात.

पण गंमत बघा. दोष जन्मापासून असतो, तरी पहिले काही महिने बाळाला त्रास होत नाही! १९४८ मध्येच न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी याकडे लक्ष वेधलं होतं. कारण असं, की आईच्या पोटात बाळ गॅमा जीनपासून बनलेलं वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत गॅमा जवळजवळ बंद होतो आणि बीटा जोरात चालू होतो.

हा स्विच दाबतं कोण? ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. ही प्रथिनं डीएनएवरचा ठरावीक अक्षरांचा क्रम ओळखून तिथे बसतात आणि जीन वाचला जाईल की नाही, ते ठरवतात. माणसात ती सुमारे १,६०० आहेत. पण एकट्याने कुणाचंच भागत नाही, सगळा टीमवर्कचा मामला!

आपल्या गोष्टीत तिघं आहेत. केएलएफ१ बीटाला चालू करतो, शिवाय बीसीएल११ए नावाच्या जीनलाही जागा करतो. बीसीएल११ए जाऊन गॅमाला गप्प बसवतो. हे २००८ मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने दाखवलं. आणि तिसरा गाटा१. बीसीएल११एच्या जीनमध्येच एन्हान्सर नावाचा डीएनएचा एक तुकडा आहे. गाटा१ तिथे बसला, की तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींत बीसीएल११ए जोमाने तयार होतो.

मग बीसीएल११एच उडवून टाकायचा का? नाही हो! मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या बी पेशींनाही तो लागतो. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. क्रिस्परने फक्त गाटा१ची ती बसायची जागा मोडली. आता तांबड्या पेशींपुरता बीसीएल११ए कमी होतो, गॅमा पुन्हा जागा होतो आणि बाकी शरीराला धक्का लागत नाही. हीच ती कॅसजेव्ही उपचारपद्धती. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने तिला मान्यता दिली.

अडचण एकच, पण मोठी. अमेरिकेत तिची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि आधी जोरदार केमोथेरपीही घ्यावी लागते. आपल्याकडे आज आधार आहे तो हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या, स्वस्त औषधाचा. तेसुद्धा गॅमाचं हिमोग्लोबिन वाढवतं. आणि लग्नाआधी सिकलची रक्ततपासणी करून घेणं, हे तर आपल्या हातातच आहे, नाही का?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!