जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचे पॉइंट आधी, टायमिंग नंतर

माधवगंज (ग्वाल्हेर) : जुना ट्रॅक्टर हँडल मारून मारून सुरू होत नाही. झालाच, तर लोडवर फटफट करत बंद पडतो. मग आधी कार्बोरेटर खोलला जातो. पण दोष पुष्कळदा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली, सीबी पॉइंटमध्ये असतो. माधवगंजात त्याला 'प्वाइंट' म्हणा की बेळगावात 'पॉइंट', काम एकच.

आधी एक खात्री करा. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर डिझेलचे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून त्यात पॉइंटही नसतात. हा विषय पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचा आहे. उदाहरणार्थ, १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कोव्हेन्ट्रीला बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० मालिकेतली अशी मॉडेल. जुन्या पेट्रोल जीपचेही तसेच.

ड्वेल म्हणजे काय?

पॉइंट बंद असतात तेवढा वेळ कॉईल भरते, उघडले की प्लगवर ठिणगी पडते. नळाखाली कळशी धरावी तसे हे आहे. पॉइंट किती अंश बंद राहतात, ते ड्वेल. चार सिलिंडरच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर प्रत्येक सिलिंडरमागे ९० अंश फिरतो. लुकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच आणि ड्वेल सुमारे ६० अंश लागते. इंजिन १५०० फेऱ्यांवर असेल तर कॉईलला भरायला सेकंदाचा साधारण पंचाहत्तरावा भाग मिळतो. इतर बनावटींचे आकडे वेगळे, ते मॅन्युअलमधूनच घ्या.

गॅप जास्त झाला की ड्वेल कमी. कॉईल अर्धवट भरते, वेग वाढला की मिसिंग येते. गॅप कमी झाला की ड्वेल जास्त. पॉइंट जळतात, कॉईल तापते.

सेटिंग कशी करावी?

इग्निशन बंद करा, झाकण काढा. पॉइंटचा टाचेचा भाग कॅमच्या उंचवट्याच्या माथ्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा. फीलर गेज किंचित घासत जाईल इतका गॅप ठेवून स्क्रू आवळा आणि परत मोजा. आवळताना गॅप हलतो. पॉइंटवर खड्डा आणि समोर टेकाड झाले असेल तर गेज खोटा आकडा दाखवते. असे पॉइंट बदला. ड्वेल मीटर असेल तर इंजिन चालू असतानाचा त्याचा आकडा जास्त भरवशाचा.

टायमिंग याच्या नंतर. गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकते. कमी केला की मागे जाते. उलट क्रमाने केले तर टायमिंगची मेहनत वाया. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन टायमिंगची खूण जुळवा. कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला आणि बॉडीला बल्ब जोडून इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा. बल्ब पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळा आणि इग्निशन बंद करा.

टायमिंग फार पुढे राहिले तर हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते. म्हणून हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवावा, वेढून धरू नये.