मातांच्या आहार-शिक्षणाची परीक्षा

नवें खत आणलें म्हणजे सुज्ञ शेतकरी तें एकदम सर्व रानांत टाकीत नाहीं. एका पट्ट्यास खत घालतो, शेजारचा तशाच मातीचा पट्टा बिनखताचा ठेवतो, आणि खळ्यावर दोहोंचें धान्य निरनिराळें मोजतो. किती गोणी रित्या झाल्या हा केवळ खर्चाचा हिशेब. खताचा गुण मापांतच कळतो. गांवोगांव मातांसाठीं चालणाऱ्या आहार-शिक्षणास हाच न्याय लावावयास हवा. परंतु बहुधा तो लाविला जात नाहीं. सभा किती भरल्या, बाया किती आल्या, याचे रकाने भरले कीं काम फत्ते झालें असें समजतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाचीं दप्तरें लिहिण्यांत गेलें. भरलेला रकाना आणि झालेलें काम यांतील अंतर तो जाणतो.

हें अंतर किती पडूं शकतें याचें उदाहरण बांगलादेशांत घडलें. तेथें १९९५ ते २००२ या काळांत जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्यानें एक मोठी पोषण-योजना चालली. गांवच्या कार्यकर्त्या स्त्रिया दोन वर्षांखालील मुलांचीं वजनें दरमहा घेत, गरोदर स्त्रियांस अधिक खाण्याचा व विश्रांतीचा उपदेश करीत, आणि खंगलेल्यांस पूरक आहार देत. २००३ सालीं ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ संस्थेच्या ब्रिटिश शाखेनें योजनेंतील व योजनेबाहेरील मुलूख ताडून पाहिला; मुलांच्या कुपोषणांत लक्षांत घेण्याजोगा फरक तिला आढळला नाहीं. २००५ सालीं खुद्द बँकेच्या मूल्यमापन विभागानें सर्व आंकडे पुन्हां तपासले, आणि परिणाम झाला तो अल्पच, असा निर्वाळा दिला.

याचें कारण मननीय आहे. पुष्कळ मातांना सांगितलेलें ठाऊक झालें होतें. पण जाणणें आणि आचरणें यांमध्यें दरी राहिली. बाजारहाट पुरुष करीत, आणि एकत्र कुटुंबांत सुनेनें काय खावें व किती राबावें यांत सासूचा शब्द चाले. उपदेश सुनेला, आणि अधिकार दुसऱ्यांच्या हातीं! जेथें मुळांत शिधाच तोकडा, तेथें तर उपदेशानें पोट भरत नाहीं हें उघड आहे.

याउलट तामिळनाडूंत १९८० पासून चाललेल्या योजनेंत ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांचें वजन दरमहा पाहून, ज्याची वाढ खुंटली त्यालाच सुमारें ९० दिवस पूरक अन्न देत व त्याच्या मातेस समजावीत. योजनेच्या क्षेत्रांत तीव्र कुपोषण इतरत्रांपेक्षां अधिक घटलें. तेथें तराजू केवळ वहीसाठीं नव्हता. त्याच्या निकालावर पुढची कृति अवलंबून होती.

म्हणून आपल्या गांवच्या वर्गाबद्दल पुढील गोष्टी विचाराव्या. आरंभापूर्वीं मुलांचीं वजनें व उंची नोंदलीं होतीं काय? तशाच एखाद्या शेजारच्या गांवाशीं तुलना केली काय? कारण पाऊसकाळ बरा झाला तरी मुलें सुधारतात, आणि श्रेय मात्र वर्गाला जातें. मातेस काय ठाऊक आहे एवढेंच न विचारतां, मुलानें काल काय खाल्लें हें विचारलें काय? आणि सासू व घरधनी यांना वर्गास बोलाविलें काय?

हा प्रश्न परक्यांचा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. अशीं मुलें खात्यापित्या घरांतहि असतात. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचें दूध, आणि सहा महिने पुरे होतांच दुधासोबत मऊ वरणभात, तूप, भाजी, चालत असल्यास अंडें, हें कांहीं श्रीमंतीचें अन्न नव्हे. तें वेळेवर भरवावयास आईला उसंत मात्र पाहिजे.

वाचकहो, खुरपणीच्या दिवसांत गरोदर सुनेला रानांत धाडावें कीं घरीं ठेवावें, तान्ह्याच्या आईला दुपारीं सुटी द्यावी कीं नाहीं, कोंबडीचीं अंडीं बाजारांत न्यावीं कीं नातवाला द्यावीं, हें ती पोर ठरवीत नाहीं, आपण ठरवितों. तेव्हां पुढील वर्गास आपणच जाऊन बसावें. वर्ग तिच्या नांवानें भरत असला, तरी परीक्षा आपलीहि आहे.